जाऊन बघून ये

माझी बायको वासंती कुठलीही वस्तू दुकानात बसून पसंत करत नसे. साडी असो, वांगी असोत की लेकीच्या शाळेचं दप्तर, ती वस्तू उचलायची, सरळ दुकानाबाहेर न्यायची आणि उन्हात धरून बघायची. पालघरच्या साडीच्या दुकानात नवा नोकर असला की त्याची पाचावर धारण बसायची. बाई साडी घेऊन निघाल्या म्हणून एकदा एक जण पायऱ्यांपर्यंत धावलाही. म्हातारा मालक मात्र जागचा हलायचा नाही. "जाऊ दे रे त्यांना. चित्रकलेच्या बाई आहेत, साडीला ऊन दाखवून आणतील," एवढंच म्हणायचा. ट्यूबलाइट खोटं बोलते, असं वासंतीचं ठाम मत होतं. "तिच्या उजेडात सगळंच बरं दिसतं. नवरेपण," असं माझ्याकडे बघत म्हणून ती चारचौघांत माझी शोभा करायची.

माझी परीक्षासुद्धा तिने उन्हातच घेतली होती. मी वसईकडच्या वाडीवाल्या घरातला. तारापूर एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीत लागलो होतो आणि बोईसरला दोन मित्रांबरोबर एका खोलीत राहत होतो. माकुणसारची मुलगी सांगून आली तेव्हा आईवडील वसईहून आले, मी बोईसरहून गेलो. पोहे झाले, चहा झाला, वाडीतल्या केळींची आणि पानवेलींची चौकशी झाली. मला काही विचारायचं सुचेना. शेवटी तिचे काका तिला म्हणाले, "पोरी, तुला काय इचारायचं हाय काय?" तिने मान वर केली आणि मला म्हणाली, "जरा अंगणात येता काय?"

माझ्या आईचा चमचा बशीतच राहिला. मी आपला निमूट उठून बाहेर गेलो. तिने मला झावळ्यांच्या सावलीतून दोन पावलं पुढे यायला सांगितलं आणि वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "शर्ट तुमचा नाय."

"नाही. रूमवरच्या मित्राचा आहे," मी कबूल केलं.

"वाटलंच. तुमच्या अंगाला हा पिवळा जात नाय. तुमचा सोताचा कुठला हाय?"

"एक निळा आहे. धुवायला टाकलाय."

"मंग तो धुऊन घालून या," म्हणाली आणि आत गेली. मी धरून चाललो की हा नकार. परतीच्या वाटेवर आईने त्या मुलीच्या आगाऊपणावर सफाळे स्टेशन येईपर्यंत तोंडसुख घेतलं. आठ दिवसांनी माकुणसारहून निरोप आला, मुलगा निळ्या शर्टात पुन्हा येऊ शकेल का. मी गेलो. या वेळी पोह्यांची वाट न बघता आधी अंगणात जाऊन उन्हात उभा राहिलो. ती दारातून हसली आणि आमचं लग्न ठरलं.

माझं कंपनीतलं काम सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी लॅबमध्ये शेड मॅच करायचो. गिऱ्हाईक कापडाचा एक तुकडा पाठवतं. आपल्या रंगांनी दुसरं कापड रंगवून अगदी तोच रंग काढून दाखवायचा. जरा लाल जातंय, जरा मळकं जातंय, असं करत करत दोन तुकडे शेजारी ठेवले तर त्यांतला आपला कुठला हे आपल्यालाच कळता कामा नये. या कामाला डोळा लागतो. तो मला होता. हे मी बिनदिक्कत सांगतो, कारण फुशारकी मारावी असं दुसरं काही माझ्याजवळ नव्हतं.

बोईसरजवळ सरावलीत दोन खोल्यांत आम्ही संसार मांडला. वासंतीने लग्नाआधीच चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा केलेला होता, वर्षभरात तिला बोईसरमधल्या एका मराठी शाळेत नोकरी लागली. संध्याकाळी मी कंपनीतून आलो की चहाच्या आधी ती काहीतरी माझ्या नाकासमोर धरायची आणि विचारायची, "हा कुठला?" कधी आंब्याचं कोवळं पान, कधी कांद्याचं साल, कधी बोंबलाची खवल्याविना चमकणारी कातडी. मी बघून सांगायचो, पिवळा इतका, लाल इतका, आणि वर निळा फक्त चिमटीत मावेल एवढा. ती लगेच ब्रश भिजवून कागदावर तसं करून बघायची. जुळलं की म्हणायची, "बरोबर बोलले तुमी." कंपनीत मला दोनदा शाबासकीचं पत्र मिळालं, पण "बरोबर बोलले तुमी" याची सर त्याला नव्हती. माझ्या डोळ्यावर तिचा विश्वास होता आणि त्या विश्वासाच्या जोरावर मी बोईसरच्या बाजारात छाती काढून चालायचो.

शाळेत तिची ख्याती वेगळीच झाली. चित्रकलेच्या तासाला पोरं कधीच वर्गात नसायची. कुणी विचारलं, "बाई, खोडाला कुठला रंग देऊ?" की ती म्हणायची, "जाऊन बघून ये." पोरगं उठायचं, मैदानाच्या कडेच्या चिंचेजवळ जायचं, खोडावर हात फिरवून यायचं आणि सांगायचं, "बाई, तपकिरी नाहीच आहे. काळं आहे आणि मधे हिरवं आहे." "मग ते दे," बाई म्हणायची. एक आला की दुसरा जायचा. हेडसरांना खिडकीतून दिसायचं ते एवढंच, की चित्रकलेच्या तासाला निम्मा वर्ग उंडारतोय. त्यांनी तिला बोलावून समज दिली. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, तुमच्या केबिनच्या भिंतीचा रंग कुठला?" सर म्हणाले, "पांढरा." ती म्हणाली, "जाऊन बघून या." सरांनी रागाच्या भरात मागे वळून बघितलं. भिंत पांढरी राहिलेली नव्हती. पुढच्या सुट्टीत केबिनला रंग मारला गेला आणि वासंतीच्या तासाला बाहेर जायची परवानगी मिळाली.

किनाऱ्याकडून येणारी मुलं समुद्र निळाभोर रंगवायची. ती विचारायची, "निळा समुद्र कुठे बघितलास?" पोर म्हणायचं, "कॅलेंडरवर." "आणि तुझ्या घरामागचा?" पोर विचारात पडायचं. मग हळूच सांगायचं, "तो मातकट असतो बाई." वासंती खूश व्हायची. माकुणसारला, केळव्याच्या समुद्राशेजारी वाढलेल्या बाईला निळा समुद्र विकणं सोपं नव्हतं. वस्तुचित्राला इतर शाळांतून सुरई आणि सफरचंद मांडायचे, ही मात्र एक हवाई चप्पल, एक कुकरचं झाकण आणि कंपनीतलं हेल्मेट मांडायची. हेल्मेट माझं असायचं. त्या दिवशी मी उघड्या डोक्याने कामावर जायचो आणि सेफ्टीवाल्याच्या शिव्या खायचो.

घरी आई म्हणून ती याहून कडक होती. सगळ्या आळीतल्या आया आपापल्या पोरांचे प्रकल्प वासंतीकडे घेऊन यायच्या, तिने दोन रेघा मारून द्याव्यात म्हणून. ती त्यांना चहा द्यायची, रेघा द्यायची नाही. आमच्या गौरीने चौथीत स्वतःच्या हाताने मोर काढला. तो कोंबडीच्या जवळचा होता. वर्गात बाकी सगळ्यांचे मोर आयांनी काढलेले, पिसान्‌पीस सुबक. गौरीला दहापैकी चार मिळाले. लेक रडत घरी आली आणि म्हणाली, "चित्रकलेच्या बाईंच्या मुलीला चार मिळाले म्हणून सगळे हसले." वासंतीने तिचे डोळे पुसले आणि म्हणाली, "चार तुझे हायत. त्यांचे नऊ त्यांच्या आयांचे हायत." मग दोघी एसटीने माकुणसारला गेल्या, कारण तिथे शेजारच्या वाडीत खरा मोर येत असे. तीन रविवार जाऊन बसल्या तेव्हा तो दिसला. गौरी आज पुण्यात इंजिनिअर आहे, पण तो मोर मान कशी वळवायचा ते अजून करून दाखवते.

आता मंजुळाची गोष्ट सांगतो. ती टाळून वासंतीबद्दल लिहिता आलं असतं तर मी आनंदाने टाळली असती.

मंजुळा सातवीत होती. तिचे आईवडील विक्रमगडच्या बाजूच्या डोंगरातले. पावसाळ्यात गावी भात लावायचं आणि बाकीचं वर्ष इकडे मजुरी. सालवडला नाल्याच्या काठावर त्यांची एक खोली होती. पोरगी फार बोलायची नाही. शाळेच्या चित्रप्रदर्शनासाठी वासंतीने विषय दिला, 'आमच्या दारातून दिसतं ते'. मंजुळाने दोरीवरचे कपडे काढले, भांडी घासणारी आई काढली, दोन कोंबड्या काढल्या आणि समोर नाला काढला. नाला तिने गडद मरून रंगवला होता, कडेला गुलाबी फेस. वर्ग हसला. एक जण म्हणाला, "बाई, हिने पाण्यात रक्त ओतलंय." मंजुळा एवढंच म्हणाली, "आमचे नाल्याचा पानी आसाच हाय."

वासंतीने कुणाला दटावलं नाही. शाळा सुटल्यावर ती मंजुळाबरोबर सालवडला गेली आणि नाला बघून आली. संध्याकाळी मी घरी आलो तर चहाच्या आधी तिने ते चित्र माझ्यासमोर धरलं. "हा कुठला?"

मी बूटही काढले नव्हते. बघता क्षणी बोलून गेलो, "अगं, हा आमचा मरून. परवापासून याच बॅचचं काम चाललंय." बोललो आणि जीभ चावली. कंपनीतलं रंगाचं सांडपाणी नाल्यात जायला नको होतं. ते जातं हे कंपनीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे त्यावर गप्प होते. वासंती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरोबर बोलले तुमी," आणि चित्राला पहिलं बक्षीस द्यायचं ठरवून टाकलं.

प्रदर्शनाला प्रमुख पाहुणे कोण येणार हे मला दोन दिवसांनी कळलं. आमच्याच कंपनीचे मोठे साहेब. शाळेला कागद आणि रंगपेट्या त्यांनीच पाठवल्या होत्या. त्याच महिन्यात लॅबचा प्रमुख कोण होणार हे ठरायचं होतं आणि माझं नाव चर्चेत होतं. मी वासंतीला म्हणालो, "ते चित्र मागे कुठेतरी लाव. बक्षीस दुसऱ्या कुणाला दे. पोरगी लहान आहे, तिला काय कळतंय?"

"चित्र चुकलं असंल तर आत्ता काढते," ती म्हणाली. "चुकलंय काय?"

मी कंपनीची बस पकडायचं निमित्त करून बाहेर पडलो.

प्रदर्शनाच्या दिवशी साहेब एकेक चित्र बघत मंजुळाच्या चित्रापुढे आले. माणूस तसा हसतमुख होता. "वा, छान! पण पाणी असं असतं का बाळा? कुंकवाचा करंडा सांडला वाटतं." आजूबाजूचे हसले. मंजुळा चित्राशेजारीच उभी होती. ती म्हणाली, "आसाच हाय साहेब. सकाळी जास्ती लाल अस्तो."

साहेबांचं हसू जरा आखडलं. हेडसर घाईने इकडेतिकडे बघू लागले. त्यांना मी दिसलो आणि त्यांनी माझा दंड धरून मला पुढे ओढलं. "हे राऊत, आमच्या बाईंचे मिस्टर. रंगातला यांच्याएवढा जाणकार नाही. राऊत, तुम्हीच सांगा, असा रंग असतो का पाण्याचा?"

वासंती समोर उभी होती. तिने डोळे वटारले नाहीत की विनवणी केली नाही. रोज संध्याकाळी चहाच्या आधी बघायची तशीच बघत होती, उत्तराची वाट बघत. मंजुळाही बघत होती. मी म्हणालो, "लहान आहे साहेब. मरून जास्त पडलाय तिच्या हातून. पाणी असं नसतं."

"तेच म्हणतो मी," साहेब म्हणाले आणि पुढे गेले. हेडसरांनी पहिल्या बक्षिसाची चिठ्ठी तिथून काढून शेजारच्या एका मोराला चिकटवली. मंजुळा रडली नाही. ती माझ्याकडे न बघता वळली आणि आपल्या चित्राकडे बघू लागली, आपलं खरंच चुकलंय का ते तपासत. नुसती खोटी ठरली असती तर ती मला मनात शिव्या देऊन मोकळी झाली असती. मी तिला तिच्याच डोळ्यांबद्दल शंका घ्यायला लावली होती. तिचं ते वाकून बघणं मी आजतागायत विसरलेलो नाही.

घरी काय होणार या धास्तीने मी उशीर करत करत गेलो. काही झालं नाही. वासंतीने भात वाढला, कालवण वाढलं, "मीठ बघा बरं हाय काय," म्हणाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहा आला, पण चहाच्या आधी काही आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मीच लाज सोडून टोपलीतला एक अर्धवट पिकलेला पेरू तिच्यासमोर धरला आणि म्हणालो, "हा कुठला असेल गं?"

तिने बघितलं आणि म्हणाली, "पेरू."

त्यानंतर रंगाबद्दल तिने मला कधीही काही विचारलं नाही. एकोणीस वर्षं. बाकी कशात तसूभर फरक पडला नाही, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. माझ्या आईने शेवटची तीन वर्षं आमच्याकडे अंथरुणावर काढली. अंगणातल्या त्या आगाऊ मुलीनेच तिचं सगळं केलं, आणि आई जाताना माझा नाही, तिचा हात धरून गेली. मला कावीळ झाली तेव्हा वासंतीने महिनाभर शाळा आणि मी अशा दोन्ही आघाड्या सांभाळल्या. थंडीत माकुणसारला वाडीत मडक्यात कंद-शेंगा भरून विस्तवावर उकडहंडी लागायची तेव्हा मडकं फुटल्याबरोबर पहिलं कोनफळ माझ्या पानात पडायचं. ती माझी थट्टा करायची, "तुमी वसईवाले, घड्याळ बघून भूक लागते तुमाला," म्हणायची. भांडली असती तर मी चार शब्द बोललो असतो, माफी मागितली असती आणि सुटलो असतो. तिने सुटायची वाटच ठेवली नाही. मी लॅबचा प्रमुख झालो तेव्हा तिने घरात शिरा केला. तो घशाखाली उतरवताना माझ्या नाकी नऊ आले.

प्रदर्शनानंतर मंजुळा चित्रकलेच्या तासाला येईनाशी झाली. पोट दुखतंय म्हणून बाहेर बसायची. वासंतीने दोन आठवडे बघितलं आणि एका रविवारी सालवडला तिच्या खोलीवर गेली. सकाळची गेलेली दुपारी परतली. मी विचारलं, "काय सांगितलंस तिला?"

"ते तिचं न माझं हाय," म्हणाली आणि पदर खोचून तांदूळ निवडायला बसली. सोमवारी मंजुळा तासाला हजर होती.

त्या पोरीवर वासंतीने घेतलेली मेहनत मी जवळून बघितली. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत ती गावी जायची तेव्हा वासंती कागदांची गुंडाळी तिच्याबरोबर द्यायची. "तिकडचा डोंगर आण," सांगायची. जूनमध्ये मंजुळा डोंगर आणायची, सकाळचा, दुपारचा, जळालेल्या गवताचा. चित्रकलेच्या दोन्ही सरकारी परीक्षांत तिला वरची श्रेणी मिळाली. बारावीनंतर बापाने लग्नाचं काढलं, तेव्हा वासंती जीपमधून विक्रमगडच्या पुढे त्यांच्या पाड्यावर गेली आणि अंगणात ठाण मांडून बसली. बाप म्हणाला, "बाय, चितरां काढून पोट नाय भरत." वासंती म्हणाली, "माझं भरतंय ना. माझ्याकडे बघा, बारीक हाय काय मी?" तिचं वजन तेव्हा चांगलं ऐंशीच्या घरात होतं. बाप हसला आणि मंजुळाचा डिप्लोमा झाला. आता ती जव्हारच्या वाटेवरच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. आमच्या घरी यायची, मला वाकून नमस्कार करायची, "कसे आहात काका?" विचारायची. मी तिच्याशी पावसापाण्याचं बोलायचो.

वासंती निवृत्त झाली आणि दोनच वर्षांत आजारी पडली. पोटाचा आजार होता, उशिरा कळला. पालघरच्या दवाखान्याच्या फेऱ्या झाल्या, मुंबईच्या झाल्या, मग डॉक्टरांनी घरीच ठेवायला सांगितलं. गौरी पुण्याहून येऊन राहिली. खिडकीशी तिची खाट लावली होती. भेटायला येणाऱ्या जुन्या विद्यार्थ्यांची रांग लागायची. त्यांत कंपन्यांतले फिटर होते, रिक्षावाले होते, एक नर्स होती. ती प्रत्येकाला विचारायची, "आता काय बघतोस?" काय करतोस असं नाही, काय बघतोस. फिटर म्हणाला, "बाई, वेल्डिंगची ठिणगी आधी पांढरी असते, मग नारिंगी होते." तिला केवढा आनंद झाला.

एका दुपारी गौरी औषधं आणायला गेली होती. मी खाटेशेजारी बसलो होतो. कसा कोण जाणे, मला धीर झाला. म्हणालो, "वासंती, तो रंग बरोबर होता."

कुठला, असं तिने विचारलं नाही. डोळे मिटलेले होते ते उघडले. "मला काय सांगता?" ती म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. "मला तवाच माहीत हाय. जिला सांगायचं तिला सांगा."

"सांगतो," मी म्हणालो. तिने पाणी मागितलं, मी चमच्याने पाजलं.

त्यानंतर मंजुळा दोन वेळा भेटायला आली. दोन्ही वेळा मी उठून चहा केला आणि तोंडात मूग गिळून बसलो. वासंती खाटेवरून माझ्याकडे बघायची आणि मग खिडकीकडे तोंड करायची. तिसऱ्या वेळी मंजुळा आली ती आमच्या दारात मांडव घातलेला बघायला. वासंती आदल्या दुपारी गेली होती, गौरीचा हात हातात घेऊन, फारसा त्रास न होता.

पंधरा दिवसांनी शाळेने चित्रकलेच्या वर्गात शोकसभा ठेवली. हेडसर आता थकले आहेत, काठी टेकत आले होते. नवे सर बोलले, दोन माजी विद्यार्थी बोलले, मंजुळा बोलली. "बाईंनी मला रंगवायला नाही, बघायला शिकवलं," ती म्हणाली. मग सूत्रसंचालकाने आभार मानायला सुरुवात केली. घरच्यांनी बोलायचं असं काही ठरलेलं नव्हतं. मी उभा राहिलो. गौरीने मला खाली बसवायला माझी बाही ओढली.

मी म्हणालो, "एकोणीस वर्षांपूर्वी याच वर्गात मला एक प्रश्न विचारला होता. सालवडच्या नाल्याचं पाणी मरून असतं का, असा. मी नाही म्हणालो. ते मरूनच होतं. तो रंग मी स्वतः लॅबमध्ये काढलेला होता. आदल्याच आठवड्यात मी घरी वासंतीला तसं सांगितलंही होतं. इथे मी नोकरीसाठी खोटं बोललो. मंजुळाचं चित्र बरोबर होतं. पहिलं बक्षीस तिचं होतं." एवढं बोलून मी हात जोडून बसलो. हेडसर काठीच्या मुठीकडे बघत राहिले.

सभा संपली, माणसं पांगली. मंजुळा माझ्याजवळ आली. मी म्हणालो, "पोरी, फार उशीर केला मी. जिने सांगायला लावलं ती ऐकायला राहिली नाही."

तिने माझा हात धरला. एरवी शिक्षिका झाल्यापासून ती अगदी शुद्ध बोलते, पण तेव्हा सातवीतल्यासारखी बोलली. "काका, बाय आमचे खोलीवर आलेली ना, तवाच मला बोल्ली. म्हंगाली, तुझा रंग बरोबर हाय, काकांना पन माहीत हाय. ते येतील तुला सांगाया. त्यांना वेळ लागतो, पन येतील. तू रंगवाया सोडू नको."

हे सांगून वासंती त्या रविवारी घरी आली होती आणि तांदूळ निवडायला बसली होती, आणि त्यानंतर एकोणीस वर्षं माझी वाट बघत होती. मी तिथेच मुलांच्या बाकावर बसलो आणि ती गेल्यापासून पहिल्यांदा रडलो.